नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र-परीक्षा आणि त्यांचे ग्रंथ : बारामती-इंदापूर परिसरापुरता एक आढावा

नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र-परीक्षेला बसू इच्छिणारा बारामतीचा अथवा इंदापूरचा विद्यार्थी ‘कोणते पुस्तक घेऊ?’ असा प्रश्न जेव्हा आपल्याहून वडील माहीतगारांना विचारतो, तेव्हा त्याला मिळणाऱ्या उत्तरात पुस्तकाच्या गुणावगुणांपेक्षा उत्तर देणाराने ती परीक्षा कोणत्या साली दिली, कोणत्या शहरात राहून दिली आणि त्या वेळी त्याचे इंग्रजी कितपत पक्के होते, ह्याच गोष्टी अधिक उमटलेल्या असतात. परिणामी एकाच महाविद्यालयाच्या आवारात चार ठिकाणी चौकशी केली असता चार शिफारशी मिळतात, आणि त्या चारही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. ह्या शिफारशींमागे कोणती मते उभी आहेत, ती कशी घडली आणि त्यांतील कोणता वाद अद्याप मिटलेला नाही, एवढे नीट मांडावे, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचा स्वतःचा कल कोठे झुकतो हे ओघात दिसेलच. परंतु प्रतिपक्षाला त्याच्या उत्तम स्वरूपात मांडल्यावाचून आढाव्याला अर्थ राहत नाही.

पार्श्वभूमी

नेटवर्किंग हा विषय आपल्याकडे दोन वेगवेगळ्या दारांनी आला. पहिले दार विद्यापीठाचे. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचा ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ हा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे बेहरूझ फोरोझान यांचा ‘डेटा कम्युनिकेशन्स अँड नेटवर्किंग’ व जेम्स कुरोस आणि कीथ रॉस यांचा सहलिखित ग्रंथ ह्यांनी त्याच्या शेजारी आपले स्थान पक्के केले. भारतातील अभियांत्रिकीच्या संदर्भग्रंथांच्या यादीत ही नावे गेली अनेक वर्षे आलटून पालटून येतात. दुसरे दार उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांचे. सिस्को कंपनीने १९९३ साली ‘सीसीआयई’ ही अत्यंत कठीण परीक्षा सुरू केली, आणि पाच वर्षांनी, १९९८ साली, तिच्या पायथ्याशी ‘सीसीएनए’ ही प्रवेशपातळीची परीक्षा उभी केली. कोणत्याही एका कंपनीशी बांधलेली नसलेली, कॉम्पटिया ह्या संस्थेची ‘नेटवर्क प्लस’ परीक्षा १९९९ साली आली. ज्युनिपर कंपनीची ‘जेएनसीआयए’ आणि लहान इंटरनेट सेवादारांच्या वापरातील उपकरणांवर आधारलेली मायक्रोटिकची ‘एमटीसीएनए’ ह्याही आता ह्याच पंक्तीत बसतात.

आपल्या परिसरात ह्या दोन्ही दारांची वर्दळ साधारणतः एकाच काळात सुरू झाली. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चे आणि विद्या प्रतिष्ठान १९७२ चे असले, तरी प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते २००० साली. पुढे इंदापूर तालुक्यात वनगळी येथे एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावागावांत संगणकाची पहिली ओळख मराठीतून करून दिली. ही शेवटची गोष्ट वरवर विषयाबाहेरची वाटेल, परंतु पुस्तकनिवडीच्या प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध आहे. कारण संगणकाची तोंडओळख मराठीतून झालेला विद्यार्थी नेटवर्किंगच्या पहिल्याच प्रकरणाशी येताच त्याला एकदम जाडजूड इंग्रजी ग्रंथाला सामोरे जावे लागते, आणि मधली पायरी बांधण्याचे काम कोणाच्याच अखत्यारीत येत नाही.

आवृत्तीचा प्रश्न

ग्रंथकर्त्याच्या नावाआधी आवृत्तीचा प्रश्न घेणे भाग आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलला तरी टॅनेनबॉम निरुपयोगी होत नाही. प्रमाणपत्र-परीक्षेचे तसे नाही. तेथे परीक्षेला एक संकेतांक असतो, त्या संकेतांकाचा विषयांचा जाहीरनामा असतो, आणि तो रद्द झाला की त्याच्यावर लिहिलेले पुस्तक अंशतः इतिहासजमा होते. ‘६४०-८०२’ ह्या संकेतांकाची सीसीएनए परीक्षा २००७ पासून २०१३ पर्यंत चालली. तिच्या पुस्तकांत फ्रेम रिले ह्या जुन्या दूरसंचार पद्धतीवर मोठे प्रकरण असे. २०१६ साली आलेल्या ‘२००-१२५’ मधून फ्रेम रिले गेले, परंतु ईआयजीआरपी, आरआयपी आणि पीपीपी हे विषय राहिले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ‘२००-३०१’ आली, तेव्हा तेही गेले. त्या दिवसापासून सुरक्षा, बिनतारी, क्लाउड वगैरे निरनिराळ्या शाखांच्या ज्या स्वतंत्र सीसीएनए होत्या त्या एकाच परीक्षेत विलीन झाल्या, गतिशील मार्गनिर्धारणाच्या पद्धतींपैकी एकाच क्षेत्रापुरती ओएसपीएफ शिल्लक राहिली, आणि बिनतारी जाळी व स्वयंचलन ह्यांना हक्काची जागा मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच परीक्षेची ‘१.१’ ही सुधारलेली आवृत्ती अंमलात आली; तिने पपेट आणि शेफ ही साधने काढून त्यांच्या जागी टेराफॉर्म आणले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचयही समाविष्ट केला. नेटवर्क प्लसचीही गत तीच: ‘एन१०-००९’ जून २०२४ मध्ये आली आणि ‘एन१०-००८’ त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झाली.

हा तपशील कंटाळवाणा आहे खरा. परंतु ह्या प्रश्नावरील निम्मे गैरसमज ह्याच्या अज्ञानातून निघतात. ज्याने २०११ साली परीक्षा दिली तो आपले जीर्ण पुस्तक मोठ्या ममतेने धाकट्या भावाच्या हाती देतो, आणि धाकटा भाऊ आठवडाभर फ्रेम रिलेचे मंथन करीत बसतो. तथापि ह्याच मुद्द्याला एक प्रतिपक्ष आहे आणि तो दुर्लक्षणीय नाही. जुन्या पुस्तकातील आयपी पत्त्यांची विभागणी, म्हणजे सबनेटिंग, आजही तंतोतंत तशीच आहे. ‘/२६’ च्या उपजाळ्यात चौसष्ट पत्ते आणि त्यांतील बासष्ट वापरण्याजोगे, हे गणित कोणत्याही संकेतांकाने बदललेले नाही. ओएसपीएफ दुसऱ्या आवृत्तीचा प्रमाणभूत मसुदा एप्रिल १९९८ चा आहे आणि तोच आजही आधारभूत आहे. व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री, प्रवेशनियंत्रणाच्या याद्या, एनएटी ह्या विषयांचा गाभाही टिकून आहे. सबब, जुने पुस्तक फेकून द्यावे असे म्हणणारा आणि जुन्यावर भागवावे असे म्हणणारा, हे दोघेही अर्धे बरोबर ठरतात. विद्यार्थ्याने परीक्षेचा चालू जाहीरनामा आधी उतरवून घ्यावा, तो पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवावा, आणि जेथे जुळणी होत नाही तेथे पेन्सिलीने खूण करावी. हे काम एका दुपारचे आहे. तेवढे केल्यावर जुने पुस्तक कोठवर चालेल ह्याचा खुलासा आपोआप होतो.

अधिकृत ग्रंथाचा पक्ष

पहिला आणि संख्येने प्रबळ पक्ष म्हणतो की, सिस्को प्रेसने प्रकाशित केलेला वेंडेल ओडम यांचा ‘ऑफिशियल सर्ट गाइड’ घ्यावा आणि इतरत्र भटकू नये. ह्या पक्षाचे म्हणणे सबळ आहे. ओडम यांनी ह्या परीक्षेच्या एकामागून एक आवृत्त्यांवर लेखन केले आहे. ‘२००-३०१’ साठी त्यांचा ग्रंथ दोन खंडांत आहे आणि २०२४ साली सुधारित परीक्षेसाठी त्याची दुसरी आवृत्ती निघाली. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी वाचकाला आधीच किती येते हे तपासणारी प्रश्नावली असते, म्हणजे ज्याला येते त्याने ते प्रकरण चाळून पुढे जावे अशी सोय ग्रंथातच आहे. जाहीरनाम्यातील एकही कलम सुटत नाही. सिस्कोच्या परीक्षेत पुढे गेल्यावर मागे फिरून उत्तर बदलण्याची सवलत नसते, आणि एकशेवीस मिनिटांच्या मुदतीत अर्धवट ज्ञान फार लवकर उघडे पडते. अशा परीक्षेसाठी सर्वव्यापी ग्रंथच हवा, हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे.

ह्या ग्रंथावरील आक्षेप त्याच्या गुणातूनच जन्मतात. दोन्ही खंड मिळून हजाराहून अधिक पाने भरतात, वाक्यरचना दाट आहे, आणि जे वाचकाला सहज पटले असते तेही लेखक सर्व अपवादांसह सांगतो. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला पहिला खंड तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी थांबवतो. तो पुस्तक बाजूला ठेवतो आणि बुद्धी आपल्यापाशी नाही असा निष्कर्ष काढतो, जो सर्वथा चुकीचा असतो.

सुबोध ग्रंथाचा पक्ष

दुसऱ्या पक्षाचा आधारस्तंभ टॉड लॅमल. सायबेक्सने प्रकाशित केलेली त्यांची पुस्तके गप्पा मारीत शिकवणाऱ्या मास्तरांसारखी आहेत. ती भारतात वायलीच्या येथील आवृत्तीमुळे सहज मिळतात, आणि सबनेटिंगवरील त्यांचे प्रकरण तर ओडमचे कट्टर अनुयायीही मुकाट्याने वाचतात असे ऐकिवात आहे. नेटवर्क प्लससाठी माइक मेयर्स यांचा ‘ऑल-इन-वन’ ग्रंथ ह्याच वळणाचा. ह्या पक्षाचा मुद्दा असा की, शेवटपर्यंत वाचून झालेले साधे पुस्तक अर्ध्यावर टाकलेल्या परिपूर्ण पुस्तकाहून अधिक फलदायी. प्रतिपक्ष उत्तर देतो की, सुबोधतेच्या पायी काही कलमे धावती राहतात आणि परीक्षेत नेमकी तीच पुढे येतात. दोन्ही विधाने अनुभवाने खरी ठरतात, पण निरनिराळ्या वाचकांच्या बाबतीत. अलीकडे जेरेमी मॅकडॉवेल यांचे ‘एसिंग द सीसीएनए एक्झाम’ हे मॅनिंगने काढलेले दोन खंडांतील पुस्तक ह्या दोन टोकांच्या मध्ये बसते. त्याचा कर्ता आधी विनामूल्य चित्रफितींमुळे प्रसिद्ध झाला, आणि लेखनातही बोलण्याचा तो धीमेपणा उतरला आहे.

पाठ्यग्रंथाचा पक्ष

तिसरा पक्ष प्राध्यापकांचा, आणि त्याला आपल्याकडे जितका मान मिळायला हवा तितका मिळत नाही. ते म्हणतात: प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, पण पाया आयुष्याचा, तेव्हा कुरोस-रॉस किंवा फोरोझान आधी वाचा, मग परीक्षेचे कोणतेही पुस्तक हलके वाटेल. ह्यात तथ्य आहे. टीसीपी गर्दीच्या वेळी आपला वेग का आवरते, हे ज्याला समजले आहे त्याला पुढे कोणत्याही कंपनीचे उपकरण परके राहत नाही.

परंतु विद्यापीठाची परीक्षा आणि ही परीक्षा ह्यांत प्रश्नाच्या जातीचाच फरक आहे. विद्यापीठ ‘ओएसआय प्रतिमानाचे सात थर आकृतीसह स्पष्ट करा’ असे विचारते. प्रमाणपत्र-परीक्षा राउटरवरील ‘शो आयपी रूट’ ह्या आज्ञेचे उत्तर समोर ठेवते, त्यात १०.०.०.०/८, १०.१.०.०/१६ आणि १०.१.१.०/२४ अशा तीन वाटा दाखवते, आणि १०.१.१.९ कडे निघालेले पॅकेट कोणत्या वाटेने जाईल ते विचारते. सर्वांत लांब जुळणारी, म्हणजे ‘/२४’ ची वाट निवडली जाते, आणि ती वाट कोणत्या पद्धतीने शिकली गेली ह्याला तेथे महत्त्व नसते. हे ज्याने हाताने करून पाहिले आहे तो दहा सेकंदांत सांगतो, ज्याने केवळ आकृत्या काढल्या आहेत तो अडखळतो. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आकृतिबंधात तिसऱ्या वर्षाला ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड सिक्युरिटी’ हा विषय आहे, आणि तो अभ्यासताना मुले बहुधा पुण्याच्या प्रकाशनांची घटकवार पुस्तके, निराली, टेक्निकल, टेकनिओ, आणि आदल्या रात्री ‘डिकोड’, एवढ्यावर निभावून नेतात. त्या पुस्तकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. विद्यापीठाच्या सत्तर गुणांच्या लेखी परीक्षेसाठी ती लिहिली आहेत आणि ते काम ती चोख बजावतात. मात्र ती वाचून सीसीएनएच्या पाव भागाचीही तयारी होत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

येथे एक प्रादेशिक नोंद आवश्यक वाटते. इंदापूरहून महामार्गाने पुढे गेले की लागणाऱ्या सोलापुरात वाढलेल्या अच्युत गोडबोले यांनी ‘डेटा कम्युनिकेशन्स अँड नेटवर्क्स’ हा पाठ्यग्रंथ लिहिला, आणि त्यांचे सहलेखक अतुल कहाते यांचा ‘क्रिप्टोग्राफी अँड नेटवर्क सिक्युरिटी’ देशभरच्या महाविद्यालयांत वापरला गेला. हे दोघेही मराठीत उत्तम व विपुल लिहिणारे. परंतु पाठ्यग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिले आणि मराठी लेखणी सामान्य वाचकासाठी राखली. ह्यात त्यांचा काही दोष नाही. मराठीत असा ग्रंथ लिहिला असता तर तो कोणत्या परीक्षेला लागला असता, ह्या प्रश्नाला त्या काळी उत्तर नव्हते.

पुस्तकावाचून चालवणारा पक्ष

चौथा पक्ष वयाने सर्वांत तरुण आहे, आणि त्याचे म्हणणे ऐकून जुन्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्या पडू देऊन तो मुद्दा ऐकला पाहिजे. ह्या पक्षाच्या मते पुस्तक हे आता दुय्यम साधन आहे. सिस्को नेटवर्किंग अकादमी १९९७ पासून चालू आहे आणि तिचे सीसीएनएचे तीन क्रमवार अभ्यासक्रम आहेत. तिचे पॅकेट ट्रेसर हे साधन विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवरही चालते, ज्यात राउटर, स्विच, केबल, सर्व काही पडद्यावर जोडून पाहता येते. आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांची नेटवर्किंगवरील व्याख्यानमाला एनपीटीईएलवर आहे. ज्युनिपरही आपले प्रवेशपातळीचे प्रशिक्षण विनामूल्य देते. भिगवणच्या वा वालचंदनगरच्या मुलाला पुण्याच्या क्लासचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खाणावळ ह्यांचा बोजा न उचलता घरबसल्या शिकता येते, ही क्रांती लहान नव्हे.

आक्षेप दोन. पहिला, चित्रफीत पाहताना समजल्याचा भास फार सहज होतो आणि तो भास परीक्षेच्या दालनातच फुटतो. दुसरा, चित्रफितीत परत शोधणे अवघड. पुस्तकाची सूची उघडून एखादे पान गाठणे जितके सोपे तितके ते नाही. ह्या दोन्ही आक्षेपांवर पक्षाचे समर्थक प्रात्यक्षिकांकडे बोट दाखवतात, आणि माझ्या मते ते बोट योग्य दिशेला आहे: रोज एक लॅब हाताने उभारणाऱ्याला पुस्तक कोणते होते ह्याने फारसा फरक पडत नाही, आणि एकही लॅब न उभारणाऱ्याला कोणतेही पुस्तक तारीत नाही.

ह्याच ठिकाणी ‘डंप’चाही उल्लेख करून मोकळे व्हावे. परीक्षेतून चोरून आणलेल्या प्रश्नोत्तरांचे संच विकत मिळतात, काही ठिकाणी उघडपणे ‘मटेरियल’ म्हणून दिले जातात, आणि त्यांवर परीक्षा उत्तीर्ण होणारेही आहेत. कंपनीच्या करारनाम्याचा तो भंग आहे, प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि मुलाखतीत पहिल्याच आज्ञेला ते उघडकीस येते. ह्याची दुसरी बाजू मांडण्याजोगी मला सापडली नाही.

भाषेचा प्रश्न

वरील सर्व पक्ष एका गोष्टीत एकमत आहेत: त्यांची सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत. सीसीएनए ही परीक्षाच इंग्रजी आणि जपानी ह्या दोन भाषांत घेतली जाते. तेव्हा मराठी पुस्तक हवे की नको, हा प्रश्न भावनेचा नसून शिक्षणपद्धतीचा आहे.

नको म्हणणारे सांगतात की, परीक्षा इंग्रजीत, उपकरणाच्या आज्ञा इंग्रजीत, नोकरीतला पत्रव्यवहार इंग्रजीत. मग मराठीत शिकून विद्यार्थ्याने दोनदा कष्ट का घ्यावेत? हवे म्हणणाऱ्यांचे उत्तर असे की, संकल्पना एकदाच समजायची असते आणि ती आपल्या भाषेत लवकर समजते. इंग्रजी संज्ञा तशाच ठेवून स्पष्टीकरण तेवढे मराठीत द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हा मार्ग काही अंशी आधीच रुळला आहे, कारण निमी ह्या चेन्नईच्या संस्थेची काही व्यवसायांची पुस्तके मराठीतही निघतात. तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेला मराठी-इंग्रजी द्वैभाषिक पर्याय दिला. पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने २०२१ साली संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला. प्रमाणपत्र-परीक्षांच्या प्रांतात मात्र असे काही घडलेले नाही. तेथे मराठी आढळते ती शिक्षकाच्या तोंडी आणि काही चित्रफितींत.

आणि शिक्षकाच्या तोंडची ही मराठी कमी लेखण्याजोगी नाही. सबनेटिंगची कल्पना समजावताना बारामती-इंदापूरच्या मुलासमोर नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण ठेवावे: मुख्य कालवा, त्यावरचे फाटे, फाट्यावरच्या चाऱ्या, आणि कोणते पाणी कोणत्या शिवाराकडे वळवायचे हे पाटकऱ्याच्या वहीतल्या नोंदीवरून ठरते, प्रत्येक शेतकऱ्याचे नाव मुख्य दरवाजाशी लिहून ठेवावे लागत नाही. मार्गांचा संक्षेप राउटर का करतो, हे एवढ्यावर समजते. असे उदाहरण अमेरिकन पुस्तकात सापडणार नाही, आणि ते सापडावे अशी अपेक्षाही रास्त नाही. ते कोणी तरी येथे बसून लिहिले पाहिजे.

किंमत आणि उपलब्धता

सीसीएनएचे शुल्क तीनशे डॉलर, त्यावर कर वेगळा. म्हणजे करावाचूनच पंचवीस हजार रुपयांच्या घरात जाते. ह्या रकमेपुढे पुस्तकाची किंमत लहान दिसते, आणि म्हणूनच पुस्तकात काटकसर करणे शहाणपणाचे नाही असे एक मत आहे. पण हे शुल्क अखेरीस भरायचे असते आणि पुस्तक आरंभी घ्यायचे असते, आणि घरातून पैसे मागताना हा क्रम महत्त्वाचा ठरतो. पिअरसन, वायली, मॅकग्रॉ-हिल ह्यांच्या भारतीय आवृत्त्या मूळ परदेशी आवृत्तीहून पुष्कळ स्वस्त असतात. पुण्याला जाणारा कोणी असला की अप्पा बळवंत चौकातून जुने पुस्तक आणण्याची तजवीज होते; त्या वेळी मुखपृष्ठावरील संकेतांक पाहून घ्यावा, एवढीच सूचना पुरेशी आहे. ज्या इंदापूर तालुक्यात भिगवणच्या गिरणीत छपाईचा कागद तयार होतो, तेथल्या मुलाला छापलेले तांत्रिक पुस्तक आणायला शंभर किलोमीटरवरच्या चौकात माणूस धाडावा लागतो, ही गोष्ट मात्र जाता जाता नोंदवावीशी वाटते.

झेरॉक्सचा प्रश्न नाजूक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली विद्यापीठाच्या अध्यापनासाठी काढलेल्या प्रतींना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील तरतुदीचे संरक्षण दिले, आणि त्या निकालाचा हवाला पुष्कळदा सरसकट दिला जातो. तो निकाल शिक्षणसंस्थेतील शिकवण्यासाठी ग्रंथांतील निवडक भागांच्या संकलनासंबंधी होता. एखाद्या क्लासने संपूर्ण ओडम छापून वाटावा ह्यासाठी नव्हता.

नोकरी आणि परीक्षेची निवड

पुस्तकाआधी परीक्षा ठरवावी लागते, आणि ती कामावरून ठरते. हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत जायचे असेल तर सीसीएनए हा रूढ मार्ग. तिच्या जाहीरनाम्यात आयपी जोडणीला पंचवीस टक्के, मूलतत्त्वांना आणि जाळ्यातील प्रवेशाला प्रत्येकी वीस, सुरक्षेला पंधरा, सेवांना आणि स्वयंचलनाला प्रत्येकी दहा टक्के वजन आहे, आणि पुस्तकावर खर्चायचा वेळही ह्याच प्रमाणात वाटावा. परंतु ज्याला येथेच राहायचे आहे, साखर कारखान्याच्या, सहकारी बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या जाळ्याची देखभाल करायची आहे, त्याला क्रिम्पिंग, फायबरचे जोड, सीसीटीव्ही आणि फायरवॉल ह्यांच्याशी रोज गाठ पडणार. त्याच्यासाठी नेटवर्क प्लसची व्याप्ती अधिक उपयुक्त, असे एक मत. लहान इंटरनेट सेवादाराकडे काम करणाराला मायक्रोटिक जवळची. पण तिची परीक्षा प्रशिक्षणाला जोडलेली असते आणि तिच्यावर जाड ग्रंथ लिहिण्याची परंपरा नाही. तालुक्याच्या ठिकाणी नेमणूक करणारा मालक ह्या प्रमाणपत्रांना कितपत मोल देतो, हा विषय बाजारभावाप्रमाणे हलता आहे आणि त्याबद्दल ठाम विधान करण्याचा मोह आवरावा.

अनिर्णित राहिलेले

तीन प्रश्न खुले आहेत. स्वयंचलन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ह्यांचा भाग पुढे वाढत जाईल असे चिन्ह आहे. तसे झाले तर जुने, निव्वळ आज्ञा शिकवणारे पुस्तक किती काळ पुरे पडेल, आणि नेटवर्किंगच्या विद्यार्थ्याने जेसन व पायथन ह्यांसाठी वेगळे पुस्तक घ्यावे की नाही, ह्याबाबत जाणत्यांतही एकवाक्यता नाही. दुसरा प्रश्न मराठी ग्रंथाचा. लिहिणारे आहेत, वाचणारेही असतील. पण दर तीन-चार वर्षांनी बदलणाऱ्या जाहीरनाम्यामागे मराठी आवृत्ती धावती ठेवण्याचा खर्च कोणी उचलावा, हे ठरलेले नाही. संकेतांकापासून मुक्त असे, केवळ पत्ते, मार्ग आणि स्विच ह्यांवरचे मूलभूत पुस्तक आधी काढावे, ही तडजोड मला व्यवहार्य वाटते. तिला विरोध करणारे म्हणतात की परीक्षेचे नाव नसलेले पुस्तक विकलेच जाणार नाही.

तिसरा प्रश्न ग्रंथालयांचा. प्रमाणपत्राचे पुस्तक दाखल नोंदवहीत चढते तेव्हा ते नवे असते आणि तीन वर्षांत शिळे होते. ते नोंदवहीतून कमी करण्याची कार्यपद्धती मात्र संथ आणि हिशेब तपासनिसांच्या शंकांनी भरलेली. म्हणून काही ग्रंथपाल ही पुस्तके घेतच नाहीत, काही दोन-तीन प्रती घेऊन बाहेर न देण्याच्या अटीवर ठेवतात, आणि काहींचा कल डिजिटल वर्गणीकडे आहे, जिच्यात आवृत्ती आपोआप बदलते पण वर्गणी थांबली की कपाट रिकामे होते. ह्यांतील कोणता मार्ग बारामतीच्या मोठ्या महाविद्यालयाला परवडेल आणि कोणता इंदापूरच्या लहान संस्थेला, हे त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ठरते. आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने, पुस्तक विकत घ्यायचे की ग्रंथालयात बसून वाचायचे, हा निर्णय त्यावर टांगलेला असतो.